काळी, पांढरी आणि निळी रेघ

आपल्या जुन्या माणसांनी गावच्या जमिनीची दोन अंगे मानली होती. एक काळी आणि एक पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. घर बांधावयाचे ते पांढरीवर आणि नांगर धरावयाचा तो काळीत. कोणी काळीत जोते घालू लागला तर चार वडीलधारी माणसे विचारीत, "अरे, मग खाशील काय?" ह्याखेरीज गायरान असे, ते कोणा एकाचे नव्हे. देवराई असे, तिच्यातली वाळकी काटकीही कोणी चुलीला नेत नसे. आणि ओढ्यानदीच्या कडेची जमीन असे, जिथे पावसाळ्यात पाण्याने पसरावयाचे आणि पाणी ओसरल्यावर माणसाने काकडी-कलिंगडाचे वेल लावावयाचे. नकाशा कुणापाशी नव्हता. पण कुठे काय करावे आणि कुठे काय करू नये हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक होते.

आता हेच काम सरकार करते. १९६६ साली महाराष्ट्रात प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा कायदा झाला. त्याअन्वये प्रदेशाचा आणि शहराचा आराखडा तयार होतो. शेती कुठे, वस्ती कुठे, कारखाने कुठे, कोणता डोंगरउतार मोकळा ठेवावयाचा, हे नकाशावर रंग भरून दाखवतात. लोकांच्या हरकती मागवतात, सुनावणी होते, मग मंजुरी मिळते. म्हणजे काळी-पांढरी गेली नाही. रंग वाढले एवढेच. फरक पडला तो दुसरीकडे. पूर्वीची रेघ माणसाच्या मनात होती, तिला पुसायला मन मोडावे लागे. आताची कागदावर आहे, आणि कागदावरची रेघ फेरबदल करून सरकवता येते.

कोणी म्हणेल, हरिकथेच्या मासिकात ह्या आराखड्याचे काय काम? वारकऱ्याने नाम घ्यावे, आराखडे सरकारने पाहावे. मलाही बरीच वर्षे असेच वाटत होते. पण इंद्रायणी लोणावळ्याजवळ सह्याद्रीत उगम पावते, मावळातून देहूस येते, तिथून तळवडे, चिखली, मोशी करीत आळंदीस जाते आणि तुळापुरास भीमेला मिळते. तीच भीमा उजनीच्या धरणातून पुढे पंढरीस जाऊन चंद्रभागा म्हणवते. तेव्हा देहूच्या वरच्या अंगाला कोणी काय सोडले ते तुकोबांच्या दारावरून, माउलींच्या पायरीवरून, पांडुरंगाच्या वाळवंटापर्यंत निघते. आळंदीच्या बंधाऱ्याखाली अलीकडे पांढराशुभ्र फेस साचतो, तो सर्वांनी पाहिलेला आहे. शुद्ध न करता सोडलेले गटाराचे पाणी, घराघरांतल्या धुण्याच्या पुडीतील द्रव्ये, लहानमोठ्या कारखान्यांचे सांडपाणी; हे सारे बंधाऱ्यावरून आपटले की त्याचा फेस होतो. बाहेरगावचा नवखा वारकरी त्याला गंगेचा फेस समजून डोक्याला लावतो. त्याला काय सांगावे हे मला सुचत नाही. ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणतो ते प्यावे की न प्यावे हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने आराखड्याचा विचार टाळतो म्हटले तरी टळत नाही.

कार्तिकीत घाटावर बसलो असताना मी हे सर्व तावातावाने बोलत होतो. आमच्या दिंडीतले एक गृहस्थ, चाकणच्या बाजूचे, शेजारी बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "माउली, तुम्ही बोलताय ते खोटं न्हाई. पण कारखाना आला म्हणून माझा थोरला कामाला लागला. त्याच्या पगारावर धाकटीचं लगीन झालं. कांद्याला भाव न्हवता त्या साली आम्ही कांदा रानातच सोडला होता. तेव्हा कुणी इचारायला आलं न्हाई. आता माझी जमीन हिरवीच ऱ्हावी असं शहरातली माणसं म्हणत्यात. ऱ्हावी की. पण त्यांनी आपली घरं कुठं बांधली? ती बी कुणाची तरी काळीच व्हती."

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री कीर्तनातही माझे लक्ष लागेना. कारण मी ज्याला धर्म म्हणत होतो त्याचा खर्च त्यांच्या अंगावर पडत होता, आणि बोलण्याचे पुण्य माझ्या पदरात.

पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. त्यापाठोपाठ मोटारी, स्कूटरी, यंत्रे ह्यांचे कारखाने आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकण, तळेगाव. ज्या प्रदेशात पूर्वी पोरांना मुंबईच्या गिरणीत जाऊन खोलीत दहा-दहा जणांनी राहावे लागे, तिथे दुष्काळी भागातली पोरे कामासाठी येऊ लागली. आपल्या दिंड्यांना पंगत घालणारे, पाण्याचे टँकर देणारे, माळकरी असून यंत्रावर पाळी करणारे कितीतरी जण ह्याच कारखान्यांतले आहेत. त्यांच्या भाकरीला नावे ठेवून आपण कुठला परमार्थ करणार?

आणि संतांनी दारिद्र्याची थोरवी गायिली असा जो समज आहे तो अर्धवट आहे. तुकोबा वाण्याचे दुकान चालवीत. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. उपास म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. संसार नेटका करू नका, मिळवू नका, असे त्यांनी कुठे सांगितलेले नाही. मिळवताना हात स्वच्छ असावा आणि खर्चताना मूठ सैल असावी, एवढीच अट. तसेच झाडांना आणि वेलींना सोयरे मानणारेही तेच. एकाच माणसाच्या ठिकाणी दोन्ही गोष्टी होत्या, आणि त्यांची ओढाताण झाल्याचे दिसत नाही.

त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला ह्या प्रश्नाची किल्ली वाटते. कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा पहिला भाग कीर्तनात बहुधा घाईने उरकला जातो. खते बुडवण्याआधी त्यांनी त्यांच्या दोन वाटण्या केल्या. धाकटे बंधू कान्होबा ह्यांचा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि आपल्या वाट्याचीच खते डोहात टाकली. वडील भाऊ म्हणून सगळीच बुडवली असती तर कोण अडवणार होते? लोकांनी त्यालाही वैराग्यच म्हटले असते. पण दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग आपण करावयाचा नसतो. त्याचे नाव त्याग नव्हे, लूट.

हा गज घेऊन आराखड्याकडे पाहिले म्हणजे दोन्ही बाजूंची लबाडी मापता येते.

पहिली लबाडी सर्वांना दिसते. जो नदीच्या पात्रात भराव टाकून प्लॉट पाडतो, जो रात्रीच्या पावसात टाकीचे तोंड ओढ्यात उघडतो, जो डोंगर फोडून मुरूम विकतो, तो खालच्या अंगाच्या लोकांचा वाटा बुडवतो. त्यात अजून जन्माला न आलेल्यांचाही वाटा आहे. त्यांना तर हरकत घ्यायला तोंडच नाही. नदीकाठी दोन रेघा असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामास मनाई. निळी आणि लाल ह्यांच्या मधे निर्बंध. चिखलीस इंद्रायणीच्या निळ्या रेघेच्या आत बंगले उठले. हरित लवादाने २०२४ साली ते पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि मे २०२५ मध्ये छत्तीस बंगले जमीनदोस्त झाले.

हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांना बरे वाटले, मलाही वाटले. मागाहून विचार आला की हा न्याय अर्धा झाला. घर घेणाऱ्याने आयुष्याची पुंजी घातली. चौकशी करावयास हवी होती हे खरे. निळी रेघ काही गुपित नव्हे. पण अशा जागी प्लॉट पडतो, खरेदीखत होते, पाया निघतो, भिंती चढतात, विजेची तार येते. दोनतीन वर्षे हे सर्व उघड्यावर चालते. तेव्हा पाहणारे डोळे कुठे असतात? खरेदीखताच्या वेळी विकणाऱ्याच्या हातात पैसा पडतो आणि तो निघून जातो. पाडकामाच्या दिवशी दारात उभी राहते ती बायकापोरे. रेघ पाळावयाची तर ती पहिल्या कुदळीला पाळली पाहिजे. छत पडल्यावर पाळलेल्या रेघेत दयाही नाही आणि न्यायही पुरता नाही.

सरकारचीही गोष्ट सांगितली पाहिजे. नदीपासून किती अंतरावर कोणता कारखाना असावा ह्याचे एक धोरण महाराष्ट्रात २००० साली ठरले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. प्रदूषणासाठी दुसरे कायदे आहेतच, मग उद्योगाला ही जादा अडचण कशाला, अशी भूमिका होती. कागदावर हा युक्तिवाद बरा दिसतो. पण अंतर ही अशी गोष्ट आहे की ती लाच खात नाही. शुद्धीकरणाचे यंत्र बंद ठेवता येते, नमुना बदलता येतो, तपासनीस चहाला बसतो. मधले तीन मैल मात्र रात्रीतून उचलून नेता येत नाहीत. म्हणून माझ्या अल्पमतीला ती चूक वाटते.

आता दुसरी लबाडी, आणि ही आपल्यासारख्या सज्जनांची. शहरात राहून, दोनतीन खोल्यांचे घर करून, मावळच्या शेतकऱ्याला सांगावयाचे की तू हिरवा राहा. आम्हाला हवा पाहिजे, पाणी पाहिजे, रविवारी पाहायला धबधबा पाहिजे. त्याच्या बांधापलीकडे जमिनीचा रंग पिवळा झाला म्हणून शेजारी कोट्यधीश झाला, आणि ह्याच्या वाट्याला हिरवा आला म्हणून हा कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसला. रंग भरणाऱ्याच्या कुंचल्याने एकाला राजा केले आणि एकाला रंक, ह्यात त्या दोघांचेही कर्तृत्व नाही. हिरव्या रंगाचा लाभ सर्वांना व्हावयाचा आणि तोटा एकाने सोसावयाचा, हे कान्होबाची खते बुडवण्यासारखेच झाले. पुण्याभोवतीच्या टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखल्या, तेव्हाही मालकांना मोबदला किती ह्यावर वर्षानुवर्षे घोळ चालला आणि मधल्या काळात टेकड्यांवर चोरून घरे चढत राहिली. पश्चिम घाटाचेही तेच. माधव गाडगीळ ह्यांच्या समितीने २०११ साली म्हटले होते की गावागावाच्या ग्रामसभेला विचारून ठरवा. पुढे दुसरी समिती आली, आणि २०१४ पासून केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे पुन्हा पुन्हा निघत राहिले. गावकऱ्याला कळते ते एवढेच, की आपल्या गावाचे नाव कुठल्यातरी यादीत आले आहे. तो घाबरतो. घाबरलेला माणूस जंगल राखीत नाही. कायदा येण्याआधी झाड तोडून मोकळा होतो.

ह्याच मुलखात १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. सेनापती बापट त्यात होते. वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती आणि पाण्याखाली गेली ती मावळ्यांची भातखाचरे. शंभर वर्षांनी प्रश्न उलटा दिसतो, तेव्हा जमीन बुडवू नका म्हणत होते आणि आता विकू द्या म्हणतात. पण मुळाशी तक्रार तीच आहे: आम्हाला विचारले कोणी?

न विचारण्याचे फळ काय होते हे आपण जवळून पाहिले आहे. भामचंद्राचा डोंगर तुकोबांच्या ध्यानाची जागा. त्याच्या पायथ्याशी शिंदे-वासुलीस एका परदेशी रसायन कंपनीच्या संशोधन केंद्रासाठी जमीन दिली गेली. गावकरी आणि वारकरी उठले. त्यांचे म्हणणे रास्त होते; देहूच्या माथ्यावर रसायनांचे प्रयोग नकोत, एवढेच ते म्हणत होते. २००८ साली त्या जागेवर जाळपोळ झाली. पुढे २०१० मध्ये कंपनीने तो बेत सोडला. आमच्यातले काही जण अजूनही ती आग अभिमानाने सांगतात. मला अभिमान वाटत नाही. ज्या तुकोबांसाठी आपण भांडतो त्यांनी आपले अभंग बुडवले गेल्यावर कोणाचे घर जाळले नाही. ते नदीकाठी धरणे धरून बसले. त्या डोंगराखाली आपण बसून राहिलो असतो तर तेरा दिवसांत काम झाले नसते, तेरा महिने लागले असते, कदाचित हरलोही असतो. पण मग पुढच्या वेळी आपल्या शब्दाला वजन राहिले असते. हे लिहिल्याबद्दल काहींचा रोष होईल, होवो.

आणखी एक गोष्ट आपल्याच अंगणातली. इंद्रायणीच्या काठी आपल्या किती धर्मशाळा, किती मठ आहेत! त्यांचे मैलापाणी कुठे जाते हे आपण कधी वाकून पाहिले आहे काय? वारीच्या दुसऱ्या दिवशी वाळवंटात जे पडलेले असते त्यात कारखान्याचे काही नसते; द्रोण, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या आणि बोलू नये ते सारे आपलेच. अलीकडे पालखीबरोबर फिरती शौचालये असतात, पुष्कळ सुधारणा झाली. पण निळ्या रेघेच्या आत जर आपला मठ असेल तर बंगलेवाल्याकडे बोट दाखवण्याआधी त्याचा विचार करावा लागेल. देवाच्या नावाने घातलेली भिंत पुराचे पाणी ओळखत नाही.

मग मार्ग नाहीच काय? एक उदाहरण डोळ्यांपुढे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. पाऊस बेताचा, गाव एकेकाळी उजाड, माणसे पोटासाठी बाहेर पडलेली. १९९० नंतर गावाने ग्रामसभेत बसून आपल्यावर आपणच बंधने घातली. कुऱ्हाड बंद, मोकळी चराई बंद, शेतीसाठी विंधनविहीर बंद, बाहेरच्याला जमीन विकणे बंद. दर साली पाऊस किती पडला ते मोजायचे आणि पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. पाणी कमी तर जास्त पाण्याचे पीक नाही. ह्या नकाराच्या यादीतून गाव भिकेला लागायला हवे होते. झाले उलटे. विहिरींना पाणी आले, गवत आले, दुभती जनावरे आली, शहरात गेलेली कुटुंबे परतली. तिथे त्याग सर्वांनी सारखा केला आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचा केला, म्हणून तो टिकला.

पण आमच्या दिंडीतल्या त्या गृहस्थांना मी हे उत्साहाने सांगितले तेव्हा ते हसले. "माउली, तिथं एकराला कोटी रुपये देणारा दारात उभा न्हवता." हेही खरे. जिथे मोह लहान तिथे व्रत सोपे. चाकण-मावळात ग्रामसभेने एकटीने दार लावून घ्यावे असे म्हणणे म्हणजे पुन्हा भार त्यांच्यावरच टाकणे. तिथे ज्यांना हिरव्याचा लाभ होतो त्या शहरांनी आपल्या तिजोरीतून दरसाल काही दिले पाहिजे. ज्याची जमीन पिवळी झाली त्याच्या आयत्या लाभातून काही भाग ज्याची हिरवी राहिली त्याला गेला पाहिजे. आणि कारखान्याने पाणी वरच्या अंगाला सोडून खालच्या अंगाला उचलावे, असा नियम कोणी केला तर मला आवडेल. आपले सांडपाणी आपणच प्यावयाचे म्हटले की शुद्धीकरणाची यंत्रे एका रात्रीत सुरू होतील.

पुणे महानगर प्रदेशाचा विकास आराखडा २०२१ साली प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला होता. त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये तो रद्दच झाला. म्हणजे रंग पुन्हा भरावयाचे आहेत. त्या गृहस्थांची तीन एकर केव्हाच गेली; दोन एकर नदीकडेला उरली आहे. परवा ते माझ्याकडे आले. मुलाचे म्हणणे, ती पिवळी व्हावी असा अर्ज आत्ताच करून ठेवू. त्यांचे मन होईना. म्हणाले, "निम्मं रान तर निळ्या रेघेत हाय. पूर आला की माझ्या आज्यापास्नं पाणी तिथंच बसतंय. त्याला दुसरीकडं जा म्हणायचं तर कुठं जाईल ते?"

दोघांनी बसून अर्ज लिहिला. वरची पाऊण एकर घरासाठी आणि मुलाच्या धंद्यासाठी मिळावी. खालची सव्वा एकर कायम शेतीत राहावी, आणि ती राखल्याबद्दल दरसाल काही मोबदला मिळावा. मोबदल्याचे कलम कायद्यात बसते की नाही हे तालुक्याच्या वकिलाला विचारावयाचे आहे. मुलाने अर्ज वाचला, काही बोलला नाही. सही मात्र अजून झालेली नाही.